भिवंडीतील मोहल्ला समितीचा प्रयोग : एक चिकित्सक आकलन (विशेष संदर्भ – कशेळी परिसर)

सारांश

पोलीस यंत्रणेने समाजाशी संवाद साधून शांतता राखण्याचा महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग म्हणजे १९८८ नंतर भिवंडीत उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्या होत. १९९२-९३ मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली, या एका वस्तुस्थितीवर या प्रयोगाची कीर्ती उभी आहे. प्रस्तुत लेखात या यशाच्या उपलब्ध स्पष्टीकरणांची चिकित्सा केली असून, समितीचे यजमानपद पोलिसांकडेच राहिल्यामुळे निर्माण होणाऱ्या दोन मर्यादांकडे लक्ष वेधले आहे. पोलीस स्वतःच वादातील पक्ष असतील तर समिती निरुपयोगी ठरते, ही पहिली मर्यादा २००६ च्या घटनेतून दिसते. ज्यांना निमंत्रणच नाही असा मोठा समाज संवादाबाहेर राहतो, ही दुसरी मर्यादा कशेळीसारख्या गोदामपट्ट्यातील गावाच्या संदर्भात स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : मोहल्ला समिती, सामुदायिक पोलीसकार्य, भिवंडी, कशेळी, यजमानपद, तंटामुक्ती.

१. प्रस्तावना

पोलीस आणि जनता यांचे संबंध सलोख्याचे असावेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने आधुनिक पोलीस दल उभे राहिले, तेव्हापासून लोकांच्या संमतीने चालणारे पोलीसकार्य हा आदर्श मानला गेला. भारतातील पोलीस व्यवस्था मात्र १८६१ च्या कायद्याच्या वसाहतवादी चौकटीत घडली. रयतेवर वचक ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. स्वातंत्र्योत्तर काळात या वारशातून बाहेर पडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत तामिळनाडूतील १९९३ ची ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ चळवळ, केरळातील २००८ ची ‘जनमैत्री सुरक्षा’ योजना आणि महाराष्ट्रातील भिवंडीचा प्रयोग यांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. काळाच्या दृष्टीने भिवंडीचा प्रयोग या तिन्हींत आधीचा आहे.

या प्रयोगाविषयीचे मराठी लेखन बहुतांशी गौरवपर आहे. गौरव अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु यशाची कथा वारंवार सांगितली गेली की तिच्यातील रचनात्मक प्रश्न दृष्टीआड होतात. प्रस्तुत विवेचनाचा हेतू प्रयोगाचे मोल कमी करण्याचा नसून, त्याच्या बलस्थानाच्या पोटातच दडलेली मर्यादा उलगडून दाखविण्याचा आहे.

२. पार्श्वभूमी : १९७० आणि १९८४

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, स्थानिक आगरी व अन्य मराठी भाषक समाज अशी येथील वस्तीची वीण आहे. सुताचा व्यापारी एका धर्माचा, मागमालक दुसऱ्या धर्माचा आणि कामगार दोन्ही धर्मांचे, असे आर्थिक परस्परावलंबन येथे पूर्वापार आहे.

तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने शहरात भीषण दंगल उसळली व तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचले. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाचा बहुखंडी अहवाल हा भारतीय दंगलींच्या अभ्यासातील पायाभूत दस्तऐवज मानला जातो. त्यातील दोन निरीक्षणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, मिरवणुकीत केवळ शहरवासी नव्हते, तर आसपासच्या खेड्यांतील लोकही मोठ्या संख्येने आणि लाठ्यांसह सामील झाले होते. दोन, दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या विशेष पोलीस पथकाने धार्मिक पक्षपात केल्याचा स्पष्ट ठपका आयोगाने ठेवला. म्हणजे भिवंडीचा प्रश्न हा केवळ दोन समाजांमधील नव्हता. शहर आणि खेडी, तसेच पोलीस आणि नागरिक हे त्याचे आणखी दोन पदर होते.

मे १९८४ मध्ये इतिहासाची पुनरावृत्ती झाली. भिवंडी, ठाणे व मुंबई परिसरात मिळून अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौदा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन दंगलींमुळे भिवंडीच्या नावाला ‘दंगलीचे गाव’ असा कलंक चिकटला.

३. प्रयोगाचे स्वरूप

१९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे यांची नेमणूक झाली. त्यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. पूर्वीच्या शांतता समित्यांहून या समित्या तीन बाबतींत भिन्न होत्या.

पहिली बाब सदस्यत्वाची. शांतता समितीत पुढारी, धर्मगुरू व प्रतिष्ठित मंडळी असत आणि तणाव निर्माण झाल्यावर ती एकत्र येत. मोहल्ला समितीत त्या-त्या वस्तीतील सामान्य हिंदू व मुसलमान रहिवाशांना बरोबरीने स्थान देण्यात आले. दुसरी बाब सातत्याची. सण किंवा मिरवणूक तोंडावर नसतानाही बैठका होत; त्यांत धार्मिक तेढीपेक्षा शेजाऱ्यांमधील किरकोळ भांडणे व वस्तीतील नित्याच्या अडचणी यांचीच चर्चा अधिक असे. तिसरी बाब पोलीस शिपायाच्या भूमिकेची. ज्याला एरवी केवळ बंदोबस्ताला उभे केले जाते, त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला एका वस्तीची जबाबदारी मिळाली व तेथील माणसे नावानिशी ओळखण्याची संधी लाभली.

या रचनेमागील विचार साधा परंतु मूलगामी होता. दंगल ही अकस्मात पेटत नाही. अफवा, जुने वैर आणि परस्परांविषयीचे अज्ञान यांच्या साठ्यावर ठिणगी पडते. अफवा आल्याबरोबर ‘पलीकडच्या’ माणसाला विचारून खातरजमा करण्याची सोय असेल, तर तो साठाच कमी होतो. बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेली. त्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत झालेल्या हिंसाचारात श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मरण पावली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. परंतु त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी समित्या चालू ठेवल्या आणि भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे यांनी पुढे आपल्या पुस्तकाला ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे प्रश्नार्थक शीर्षक दिले.

४. यशाच्या स्पष्टीकरणांची चिकित्सा

हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. त्याची निदान चार उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर आर्थिक आहे. यंत्रमाग धंद्यातील परस्परावलंबनामुळे दंगल कोणालाच परवडणारी नव्हती, असे म्हटले जाते. परंतु हे परस्परावलंबन १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही. जे कारण आधीच्या दोन्ही वेळी उपस्थित असूनही दंगल रोखू शकले नाही, ते तिसऱ्या वेळी एकट्याने पुरेसे ठरले, असे मानणे तर्काला धरून नाही.

दुसरे उत्तर स्मृतीचे आहे. १९८४ च्या जखमा ताज्या असल्याने लोक सावध होते, हा युक्तिवाद काही अंशी ग्राह्य आहे. मात्र १९७० ची स्मृती १९८४ ला आवर घालू शकली नव्हती. किंबहुना दंगलीची स्मृती ही जितकी सावधगिरीची, तितकीच सूडाचीही जननी असते. ती कोणत्या दिशेने वळेल हे तिला कोणते व्यासपीठ मिळते यावर अवलंबून राहते.

तिसरे उत्तर राजकीय आहे. स्टीव्हन विल्किन्सन यांनी ‘व्होट्स अँड व्हायोलन्स’ (२००४) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दंगल रोखली जाईल की नाही हे प्रामुख्याने राज्य सरकारच्या निवडणूकविषयक हिताहितावर ठरते. हा सिद्धान्त राज्याराज्यांतील फरक समजावून घेण्यास उपयुक्त आहे. तथापि, मुंबई व भिवंडी एकाच राज्यात, एकाच सरकारच्या अमलाखाली होत्या. त्यामुळे या दोन शहरांतील फरकाचा उलगडा त्यातून होत नाही.

चौथे उत्तर नागरी संबंधांचे. आशुतोष वार्ष्णेय यांच्या ‘एथनिक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (२००२) या ग्रंथाची मांडणी अशी की, जेथे हिंदू-मुसलमानांच्या समाईक संघटना असतात तेथे अफवा व चिथावणी निष्प्रभ ठरते. भिवंडीचे उदाहरण त्यांना विशेष महत्त्वाचे वाटते. कारण असे संबंध शतकानुशतके मुरलेले असावे लागतात असे नाही, तर शासनयंत्रणा इच्छाशक्तीने ते अल्पकाळात घडवू शकते, हे भिवंडीने दाखविले. चारही उत्तरांत हे उत्तर सर्वाधिक समाधानकारक आहे. तरीही येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. १९९२-९३ मध्ये अशा समित्या नसलेली राज्यातील अनेक गावे व शहरेही शांत राहिली होती. एका न घडलेल्या घटनेवरून कारण सिद्ध होत नाही. समित्यांचा वाटा मोठा होता असे म्हणता येते; तो एकमेव होता असे म्हणता येत नाही.

वार्ष्णेय यांच्या मांडणीतूनच पुढचा प्रश्न उद्भवतो. हे नागरी संबंध शासनाने, त्यातही पोलिसांनी, वरून घडविलेले असतील, तर त्यांचे स्वामित्व कोणाकडे राहते? थॉमस ब्लॉम हॅन्सन यांनी ‘वेजेस ऑफ व्हायोलन्स’ (२००१) मध्ये दंगलोत्तर मुंबईतील मोहल्ला समित्यांकडे याच अंगाने पाहिले आहे. पोलिसांचा ढासळलेला अधिकार व प्रतिमा पुन्हा प्रस्थापित करण्याचे साधन म्हणूनही या समित्यांचा उपयोग झाला, हे त्यांचे निरीक्षण दुर्लक्षिता येत नाही.

५. यजमानपदाचा प्रश्न आणि २००६ ची घटना

मराठी समाजजीवनात ‘यजमान’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. कार्य कोणते करायचे, बोलवायचे कोणाला आणि पंगतीत कोणास कोठे बसवायचे हे यजमान ठरवतो. पाहुणा मात्र यजमानाच्या घरात यजमानाचे उणे काढत नाही. मोहल्ला समितीचे यजमानपद पोलिसांकडे होते. बैठक बोलावणे, सदस्य निवडणे आणि विषय ठरविणे ही तिन्ही कामे त्यांच्या अखत्यारीत होती. दोन समाजांमध्ये वाद असेल आणि पोलीस तिसरा, त्रयस्थ पक्ष असेल, तोवर ही रचना उत्तम चालते. पोलीस स्वतःच एक पक्ष झाले, की तिचा आधारच निखळतो.

५ जुलै २००६ रोजी भिवंडीत नेमके हेच घडले. कोटर गेट भागात कब्रस्तानालगतच्या जागेवर निजामपुरा पोलीस ठाण्याची इमारत उभारण्यावरून वाद पेटला. जमाव व पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपायांना प्राण गमवावे लागले. ज्या शहराने १९९२ चा वणवा परतवून लावला, त्याच शहरात पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून रक्तपात व्हावा, हा दैवदुर्विलास नव्हता. हा वाद हिंदू आणि मुसलमान यांच्यातील नव्हता. तो पोलीस आणि एका वस्तीतील नागरिक यांच्यातील होता. अशा वादात मध्यस्थी करणारी कोणतीही स्थानिक यंत्रणा अस्तित्वात नव्हती, कारण मध्यस्थीची सारी व्यवस्था पोलिसांच्याच घरात मांडलेली होती.

चार जीव गेलेल्या या घटनेचा दोष कोणा एका समितीवर अथवा अधिकाऱ्यावर टाकणे हा येथे उद्देश नाही. परंतु ‘भिवंडी प्रारूपा’च्या गौरवपर कथनात १९९२ ठळक अक्षरांत येते आणि २००६ वगळले जाते, ही बाब अभ्यासकाच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. मादन आयोगाने १९७० मध्ये दाखवून दिलेला पोलीस-नागरिक हा पदर समित्यांच्या विषयपत्रिकेवर आलाच नाही, याचा पुरावा २००६ ने दिला.

या संदर्भात मुंबईचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. १९९४ मध्ये तेथे मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली, तेव्हा तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या सहकार्याबरोबरच ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्यासारख्या नागरिकांचा पुढाकार तिच्यामागे होता. पुढे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. तेथे यजमानपद किमान अंशतः पोलिसांच्या बाहेर होते, हा फरक लहान नाही.

६. कशेळी : मोहल्ला नव्हे आणि गावही नव्हे

यजमान निमंत्रण कोणाला देतो, हा प्रश्नाचा दुसरा भाग आहे. त्यासाठी शहराची वेस ओलांडून कशेळीकडे वळणे आवश्यक आहे.

ठाण्यातील बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील पहिले गाव कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे ठाणे-भिवंडी रस्त्याला लागून आहेत. भातशेती आणि खाडीवर उपजीविका करणारा आगरी समाज हा या पट्ट्याचा मूळ रहिवासी. मुंबई-ठाण्याच्या जकात हद्दीबाहेरील स्वस्त जमीन आणि महामार्गांचे सान्निध्य यांमुळे या ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात गोदामे वाढली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर या वाढीला आणखी गती मिळाली. त्याच रस्त्यालगत निवासी इमारतींचे उंच मनोरेही उभे राहिले.

परिणामी कशेळीत आज किमान तीन समाज शेजारी-शेजारी नांदतात : जमिनीचा मालक असलेला मूळ ग्रामस्थ, इमारतींमधील सदनिकाधारक व भाडेकरू, आणि गोदामांतील हमाल, चालक व परप्रांतीय मजूर. प्रशासकीय दृष्ट्याही हे गाव दोन दगडांवर उभे आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, तर पोलीस ठाणे नारपोलीचे, म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालयाचे. गाव ग्रामीण, पोलीस शहरी!

संवादाची दोन प्रचलित प्रारूपे या गावाला लावून पाहिली तर दोन्ही तोकडी पडतात. मोहल्ला समितीचे प्रारूप शहरी वस्तीसाठी आहे. दोन धर्मसमाज पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत आहेत आणि परस्परांना ओळखत नसले तरी ओळखू शकतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कशेळीतील मुख्य भेद धर्माचा नसून मालक-भाडेकरू, स्थानिक-परका आणि स्थायी-अस्थायी असा आहे.

दुसरे प्रारूप महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात ही मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून निवडलेली समिती, गावातच सामोपचाराने मिटविलेले तंटे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात गावाला मिळणारा पुरस्कार अशी तिची रचना होती. यजमानपद पोलिसांकडून ग्रामसभेकडे नेणे ही या मोहिमेची मोठीच जमेची बाजू. परंतु ग्रामसभा म्हणजे गावचा मतदार. गोदामात रात्रपाळी करून तेथेच अथवा भाड्याच्या खोलीत झोपणारा मजूर गावचा मतदार नसतो. त्याचा तंटा गावचा तंटा ठरत नाही. शिवाय ‘तंटामुक्त’ ठरण्यात पुरस्कार दडलेला असला की तंटा मिटविण्यापेक्षा तो दाबून टाकण्याचा मोह बळावतो. दुर्बल पक्षाला त्याची किंमत मोजावी लागते.

मग या मजुराचा पोलिसांशी संबंध येतो तो कोणत्या मार्गाने? भाडेकरू म्हणून त्याची माहिती पोलीस ठाण्यात जमा होते, चोरी झाली की संशयित म्हणून त्याची चौकशी होते. सुरक्षेच्या दृष्टीने या गोष्टी आवश्यक असतीलही. परंतु त्या संवाद नव्हेत. ज्याच्याविषयी माहिती गोळा केली जाते पण ज्याला स्वतःचे म्हणणे मांडण्यास बोलावले जात नाही, तो संवादाचा विषय असतो, सहभागी नव्हे. थकलेली मजुरी, गोदामातील अपघात, रस्त्यावरील अवजड वाहने या त्याच्या तक्रारींना दोन्ही प्रारूपांत जागा नाही.

१९७० च्या अहवालातील पहिले निरीक्षण येथे पुन्हा आठवावे लागते. शहरात वणवा पेटला तेव्हा त्यात खेड्यांचाही सहभाग होता. शहराच्या हद्दीवर थांबणारी शांततेची रचना तेव्हाही अपुरी पडली असती. आज शहर आणि खेडे यांच्यातील सीमाच पुसट झालेली असताना तिची अपूर्णता अधिकच ठसठशीत होते.

७. पर्यायी रचनेची दिशा

टीकेबरोबर दिशादर्शन करणे अभ्यासाचे कर्तव्य ठरते. वरील विवेचनातून चार गोष्टी पुढे येतात.

अ) समितीला वैधानिक आधार हवा. भिवंडीचा प्रयोग अधिकाऱ्याच्या इच्छाशक्तीवर चालला. बदलीनंतर तो टिकणे ही उत्तराधिकाऱ्याची मर्जी होती. केरळने २०११ च्या पोलीस अधिनियमातच समाज-संपर्क समित्यांची तरतूद केली. अशी तरतूद असली की समिती व्यक्तीवर अवलंबून राहत नाही.

आ) अध्यक्षपद पोलिसांकडे नसावे. पोलिसांनी उपस्थित राहावे, उत्तरे द्यावीत. बैठक बोलावण्याचा व विषय ठरविण्याचा अधिकार मात्र नागरिकांकडे असावा.

इ) पोलिसांची वर्तणूक हा विषयपत्रिकेवरील नित्याचा विषय असावा. पोलीस ठाण्याची जागा, तक्रार नोंदवून घेण्यातील टाळाटाळ, चौकशीच्या पद्धती यांवर बोलण्याची सोय शांततेच्या काळात असेल, तर ते बोलणे रस्त्यावर येण्याची वेळ येत नाही.

ई) सदस्यत्वाचा निकष मतदारयादी नसून वास्तव्य आणि काम हा असावा. कशेळीसारख्या गावात ग्रामस्थांबरोबर गृहनिर्माण संस्था, भाडेकरू व गोदाम कामगार यांना स्वतंत्र स्थान दिल्याखेरीज समिती गावाची होणार नाही.

या सूचनांवर एक आक्षेप घेतला जाईल. यजमानपद सोडले तर पोलिसांना या कामात स्वारस्य उरणार नाही, आणि पोलिसांच्या अधिकाराशिवाय समितीला वजन राहणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. भिवंडीत माणसे एकत्र बसली त्यामागे निमंत्रण पोलिसांचे होते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच प्रारंभ पोलिसांनी करावा, पण ठरावीक काळानंतर सूत्रे सोपविणे ही प्रयोगाचीच पूर्वनियोजित अवस्था असावी. सुरुवात करणे आणि स्वामित्व राखणे यांत फरक आहे. भिवंडीत पहिले साधले, दुसरे सोडण्याचा विचार मात्र झाला नाही.

८. निष्कर्ष

भिवंडीच्या मोहल्ला समित्यांनी पोलीस शिपायाला वस्तीशी जोडले, सामान्य माणसाला शांततेचा भागीदार केले आणि दंगल ही अटळ नाही हे दाखवून दिले. महाराष्ट्राच्या पोलीस इतिहासातील हे योगदान निर्विवाद आहे. परंतु दंगल न होणे हाच यशाचा एकमेव निकष मानला, तर ‘शांतता’ आणि ‘शांत ठेवलेला समाज’ यांतील भेद उरत नाही. पोलिसांच्या बैठकीत पोलिसांविषयी प्रश्न विचारता येतो का, आणि ज्याचे नाव कोणत्याही यादीत नाही अशा माणसाला तेथे आसन मिळते का, या दोन कसोट्यांवर अशा प्रत्येक उपक्रमाचे मूल्यमापन होणे गरजेचे आहे. पहिल्या कसोटीवर २००६ ची भिवंडी उणी ठरली. दुसऱ्या कसोटीला कशेळी, काल्हेर आणि पूर्णा या गावांत अद्याप कोणी उतरलेलेही नाही. भिवंडी प्रारूपाचा पुढील अध्याय लिहावयाचा झाल्यास तो शहराच्या मोहल्ल्यात नव्हे, तर खाडीलगतच्या या गोदामपट्ट्यात लिहावा लागेल.